घरी बांधलेले सिम रेसिंग कॉकपिट : कोल्हापुरातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सिम रेसिंग कॉकपिट म्हणजे संगणकावरच्या गाड्यांच्या शर्यतींसाठी सीट, व्हील आणि पेडल एकाच सांगाड्यावर बसवलेली बैठक. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीच्या गुणवत्ता विभागात काम करणारे पस्तिशीतले गृहस्थ आणि त्यांचा अकरावीत शिकणारा भाचा यांचे हे प्रकरण आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून पुढे त्यांचा उल्लेख मामा आणि भाचा असाच केला आहे. बांधणीचा विचार सुरू झाला तेव्हापासून कॉकपिट वापरात येईपर्यंत हे काम मला जवळून पाहता आले. मामांनी धंद्याच्या सवयीने वहीत ठेवलेल्या मोजमापांच्या नोंदीही पाहायला मिळाल्या.

मामांकडे लॉजिटेकचे जी२९ हे संगणकाला जोडायचे स्टिअरिंग व्हील होते. २०१५ साली बाजारात आलेले हे व्हील आतल्या गिअरांच्या साहाय्याने रिमवर साधारण २ न्यूटन-मीटर (फिरवणाऱ्या जोराचे एकक) जोर देते. ते अभ्यासाच्या टेबलाला क्लॅम्पने अडकवलेले असे, पेडलचा संच फरशीवर ठेवलेला, बसायला चाकांची ऑफिसची खुर्ची आणि टेबलाच्या मागच्या कडेला २७ इंची मॉनिटर. संगणकावर प्रामुख्याने असेटो कोर्सा हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळला जाई. भाच्याचा ओढा खऱ्या गो-कार्टिंगकडे होता. कोल्हापूरजवळ कार्टिंगचा चांगला ट्रॅक असला, तरी तिथली प्रत्येक फेरी पैशांची असते, त्यामुळे घरी सराव व्हावा ही त्याची मनापासूनची इच्छा होती.

जागा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरातली १० बाय ११ फुटांची खोली. जिना अरुंद, खोलीचे दार अडीच फुटी. मामांची उंची ५ फूट १० इंच, भाच्याची ५ फूट ३ इंच. खर्चाची मर्यादा ४५,००० रुपये ठरली होती आणि ती ओलांडायची नाही, असे घरात स्पष्ट झाले होते.

अडचण

वरवर पाहता तक्रार एवढीच होती की टेबल हलते. खोलात गेल्यावर दिसले की खरी अडचण ब्रेकची होती. खेळातल्या मोंझा या इटलीतल्या ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावरून पहिल्या शिकेनकडे, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांकडे, येताना ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेग असतो आणि तो दोन-तीन सेकंदांत पार खाली आणावा लागतो. त्या क्षणी पाय जोरात दाबला की चाकांची खुर्ची मागे सरके, पेडलचा संच भिंतीकडे घसरे आणि पायाने दिलेला जोर नेमका किती होता हे शरीराला कळतच नसे. खुर्चीची चाके दोरीने बांधून आणि पेडलमागे लाकडी ओंडका लावूनही फारसा फरक पडला नाही.

त्यात जी२९चा ब्रेक मूळ रचनेनेच पेडल किती सरकले ते मोजतो. पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरण्यानुसार विजेचा रोध बदलणारा घटक, फिरतो आणि त्यावरून संगणकाला ब्रेकचे प्रमाण कळते. माणसाचा पाय मात्र अंतरापेक्षा दाब फार चांगला लक्षात ठेवतो. रोज गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारले, तर ब्रेक किती सेंटिमीटर दाबला हे सांगता येणार नाही, पण किती जोराने दाबला हे पायाला बरोबर माहीत असते. त्यामुळे भाचा एका फेरीत वेळेवर थांबे आणि पुढच्याच फेरीत, तोच खांब पाहून ब्रेक मारूनही, गवतात जाई. तो स्वतःच्या हाताला दोष देत होता, हे मला विशेष खटकले. शिकणाऱ्याने साधनाची खोट स्वतःची मानली, की सराव कितीही केला तरी प्रगती होत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला विचार, जो बहुतेकांच्या मनात येतो, तो नवे व्हील घेण्याचा होता. गिअर किंवा पट्टा नसलेले, मोटरच्या दांड्यावरच रिम बसवलेले डायरेक्ट ड्राइव्ह व्हील आता साधारण ४ न्यूटन-मीटरपासून मिळते आणि त्यातून रस्त्याचा स्पर्श फारच स्वच्छ येतो. पण सगळे पैसे त्यातच गेले असते आणि ते हलणाऱ्या टेबलालाच अडकवावे लागले असते.

इथे मामांनी केलेला साधा हिशेब निर्णायक ठरला. चांगल्या ब्रेकवर पायाचा जोर ५० किलोपर्यंत सहज जाऊ शकतो, म्हणजे जवळपास ४९० न्यूटन. पेडलवर पाय टेकण्याची जागा सांगाड्याच्या तळाच्या पाइपापासून २० सेंटिमीटर उंच धरली, तर तळाशी सुमारे ९८ न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. त्यांचे व्हील देते २ न्यूटन-मीटर. म्हणजे सांगाड्याची खरी परीक्षा ब्रेक घेतो, आणि पन्नासपटीने कठोर घेतो. व्हीलचा विचार तिथेच मागे पडला. आधी बैठक, मग ब्रेक आणि उरले तर व्हील, असा क्रम ठरला. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता.

सांगाडा कशाचा करायचा यावर बराच काथ्याकूट झाला. पीव्हीसी पाइप स्वस्त आणि घरी कापता येण्याजोगा, पण दाबाखाली वाकतो आणि सततच्या भाराने हळूहळू कायमचा आकार बदलतो, म्हणून तो लगेच बाद झाला. १८ मिलिमीटर प्लायवूडचा पर्याय गंभीरपणे पाहिला गेला. ओळखीचा सुतार होता आणि प्लायला आवाजही कमी. मात्र बोल्टची भोके वारंवार सोडून-आवळून प्लायमध्ये सैल होतात आणि दोन उंचीच्या माणसांसाठी जुळवाजुळव तर सतत लागणार होती. खाचांचे ॲल्युमिनियम प्रोफाइल हा या छंदातला सर्वमान्य पर्याय आहे. कुठेही नट सरकवा, कुठेही आवळा. तो पुण्या-मुंबईहून मागवता आला असता, पण प्रोफाइल, कोपऱ्याचे ब्रॅकेट आणि खास नट यांचा हिशेब मर्यादेच्या जवळ जात होता आणि मग ब्रेकसाठी काहीच उरत नव्हते.

राहिला लोखंडी चौकोनी पाइप. कोल्हापुरात उद्यमनगर ही औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर असताना तो पर्याय शेवटी सुचावा याचे आश्चर्य वाटते. लोखंडाचा ताठरपणा, म्हणजे त्याचा यंग गुणांक, ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट असतो. शिवाय तिथे पाइप कापून, जोडून, भोक पाडून देणारा माणूस समोर उभा राहून बोलतो, ही सोय कुठल्याही पार्सलमध्ये येत नाही.

घेतलेले निर्णय आणि केलेली कृती

पाइप कापण्याआधी जमिनीवर बैठकीचा नमुना मांडण्यात आला. भंगारवाल्याकडून एका जुन्या हॅचबॅक गाडीचे चालकाचे सीट आणले होते. ते निवडताना सीटच्या बाजूला एअरबॅग नाही याची खात्री केली होती. एअरबॅग असलेल्या सीटखाली पिवळे कनेक्टर दिसते आणि आतला स्फोटक घटक घरात ठेवण्याची वस्तू नव्हे. सीट विटांवर ठेवून, समोर फळी तिरकी टेकवून, व्हीलच्या जागी थाळी धरून दोघांच्याही बैठका मोजल्या. पाठ पूर्ण टेकलेली असताना हात सरळ केला की मनगट रिमच्या माथ्यावर यावे, ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गुडघा थोडा वाकलेला राहावा आणि टाच उचलावी लागू नये, या तीन कसोट्या ठेवल्या. या नमुन्यातून निघालेली मापे पुढे जवळजवळ जशीच्या तशी वापरता आली.

दोन उंचींचा प्रश्न गाडीसारखाच सोडवला. पेडल जागेवर स्थिर, सीट त्याच्या मूळ सरकपट्ट्यांवर पुढे-मागे. पेडल सरकवण्याची व्यवस्था टाळल्याने ब्रेकमागचा भाग अचल ठेवता आला.

मूळ आराखड्यात सीटची चौकट आणि पेडलची चौकट वेगवेगळी होती व ती दोन बोल्टांनी जोडायची होती, म्हणजे जिन्यातून न्यायला सोपे. उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनवाल्याने कागद पाहिला आणि म्हणाला, “साहेब, पायानं दाबायचं हाय न्हवं? मग पाठीमागचं आन पायाखालचं एकाच पाइपावर घ्या की. मधी सांधा ठेवला तर तितंच लवणार.” त्याच्या या वाक्याने आराखडा बदलला. पाय पुढे ढकलतो तेव्हा पाठ तितक्याच जोराने मागे ढकलते. हे दोन्ही जोर एकाच अखंड पाइपातून एकमेकांना भेटले, तर सांगाड्याला फरशीवर घसरण्याचे कारणच उरत नाही.

तळाच्या दोन लांब पाइपांसाठी ४० बाय ४० ऐवजी ६० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा पाइप उभा वापरायचे ठरले. वजन मीटरला सुमारे २.४ किलोवरून ३ किलो होते, म्हणजे फार तर चौथा हिस्सा वाढतो, पण वाकण्याला होणारा विरोध अडीच पटींहून अधिक होतो, कारण तो उंचीबरोबर झपाट्याने वाढतो. जाड पत्र्याचा पाइप घेण्यापेक्षा उंच पाइप घेणे केव्हाही फायद्याचे, हे इथे आकड्यांत दिसले. तळाची चौकट वेल्डिंगची, तर व्हीलचे दोन खांब आणि पेडलची पाटी एम१० बोल्टांवर, असा मधला मार्ग निवडला. चौकटीची रुंदी ५८ सेंटिमीटर ठेवली, त्यामुळे ती आडवी करून अडीच फुटी दारातून आत गेली. व्हीलसाठी पायांमधला एकच खांब टाळून दोन बाजूंना दोन खांब घेतले, कारण भाच्याला डाव्या पायाने ब्रेक मारायचा होता. कार्टमध्ये ब्रेक डावीकडे आणि ॲक्सिलरेटर उजवीकडे असतो, आणि मधला खांब नेमका त्या पायाच्या आड आला असता.

वेल्डिंग करताना चारी कोपऱ्यांना आधी फक्त टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके, मारले, गुण्या लावला, दोन्ही कर्ण फीत धरून मोजले आणि ते जुळल्यावरच समोरासमोरचे सांधे आलटून-पालटून भरले. सलग एका बाजूने वेल्डिंग केले की उष्णतेने चौकट ओढली जाते आणि मग चौथा पाय फरशीला टेकत नाही. सीट बसवताना मात्र अडले. गाडीच्या तळाला उतार असल्याने सीटचे पुढचे आणि मागचे पाय एका पातळीत नसतात, त्यामुळे पुढच्या बाजूला अँगलचे वेगळे तुकडे करून घ्यावे लागले.

ब्रेकचे काम

हा भाग थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण बहुतेक वेळ आणि विचार इथेच खर्च झाला.

पेडलच्या दांड्यावर पाय टेकण्याची जागा सांध्यापासून २१ सेंटिमीटरवर आणि दाब पुढे नेणारा रॉड ७ सेंटिमीटरवर, अशी तीनास एक तरफ ठेवली. अंतराऐवजी दाब मोजणारा घटक म्हणजे लोड सेल, आणि पायाचा ५० किलो जोर त्याच्यापर्यंत १५० किलो होऊन पोहोचतो. सुरुवातीला घरगुती वजनकाट्यातले ५० किलोचे सेल वापरायचा विचार होता, पण हा गुणाकार मांडल्यावर तो सोडला आणि २०० किलोचा एस आकाराचा सेल घेतला. रॉड आणि सेलच्या मध्ये कडक रबरी बुशांची चळत ठेवली, म्हणजे पेडल थोडेसे सरकते, पण पुढे दगडासारखे घट्ट होते.

लोड सेलमधून येणारा संकेत अगदी मिलिव्होल्टमधला असतो. तो वाढवून आकड्यांत बदलण्यासाठी एचएक्स७११ ही स्वस्त चिप आणि संगणकाला जॉयस्टिक म्हणून ओळख देणारा आर्डुइनो प्रो मायक्रो बोर्ड वापरला. पहिल्या चाचणीत ब्रेक जड, अचूक आणि तरीही विचित्र उशिराने लागत होता. मामांना आधी रबरावर संशय आला. कारण निघाले चिपचे. एचएक्स७११ सेकंदाला १० किंवा ८० वेळा वाचन देऊ शकते आणि बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण मॉड्यूलवर ती १० वर बांधलेली असते. वजनकाट्याला तेवढे पुरते. पण दर वाचनात एक दशांश सेकंद जातो आणि ताशी २५० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात जवळपास ७ मीटर पुढे गेलेली असते. चिपची १५ व्या क्रमांकाची पिन जपून उचलून शेजारच्या १६ व्या पिनेला डाग दिल्यावर वाचने ८० झाली आणि तेच अंतर एका मीटरच्या आत आले. भिंगाखाली एका केसाएवढ्या पिनेला डाग देण्याचे हे काम भाच्याने केले.

दुसरी अडचण पेडलच्या पाटीची होती. ३ मिलिमीटर पत्र्याची पाटी डोळ्यांना घट्ट दिसत होती, पण मामांनी कारखान्यातून डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारे काट्याचे साधन, रीतसर मागून आणले, त्याचे चुंबकी बूड तळाच्या पाइपावर बसवले, टोक पाटीच्या पाठीला लावले आणि भाच्याला पूर्ण ब्रेक दाबायला सांगितला. काट्याची एक फेरी म्हणजे एक मिलिमीटर, आणि काटा पाच फेऱ्या फिरला. पाटीच्या पाठीमागून तळाच्या पाइपांना दोन तिरके टेकू दिल्यावर तो एका फेरीच्या आत थांबू लागला. हाताने हलवून पाहणे आणि मोजणे यांतला फरक इथे स्पष्ट झाला.

ॲक्सिलरेटर जी२९च्या प्लॅस्टिकच्या पेटीतून सुटा काढून उजवीकडे बसवला. वॉरंटी संपलेली असल्याने त्यात गमावण्यासारखे काही नव्हते. आता ब्रेक वेगळ्या यूएसबीवर आणि ॲक्सिलरेटर व्हीलमार्गे, अशी विभागणी झाली. संगणकावरच्या असेटो कोर्साला अशी वेगवेगळी साधने चालतात. प्लेस्टेशन असते, तर हा घरगुती ब्रेक तिथे चालला नसता, आणि असे काम हाती घेणाऱ्याने ते आधीच तपासावे.

व्हीलची मोटर जोरात चालली की ब्रेकचे आकडे थरथरत. लोड सेलची वायर जाळीच्या आवरणाची घेऊन ते आवरण एकाच टोकाला जोडल्यावर आणि सांगाडा अर्थिंगला दिल्यावर ते थांबले. अर्थिंग तपासताना खोलीतल्या सॉकेटची तिसरी पिन नुसतीच शोभेची असल्याचे निघाले. वायरमनला बोलावून ते आधी नीट करून घेतले. लोखंडी चौकटीत बसून संगणक वापरायचा असेल, तर ही गोष्ट ऐच्छिक नाही.

मॉनिटर आणि शेजार

मॉनिटर सांगाड्याला न जोडता वेगळ्या स्टँडवर, व्हीलच्या लगेच मागे आणला. डोळ्यांपासूनचे अंतर ११० सेंटिमीटरवरून ७० वर आले. २७ इंची पडदा साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. त्यामुळे त्याने व्यापलेला आडवा कोन ३० अंशांवरून ४६ अंशांवर गेला. खेळात दृश्याचा उभा कोन किती ते द्यावे लागते, तो या अंतराला २७ अंश येतो. मामा आधी ५० अंश ठेवत, त्यात आजूबाजूचे खूप दिसे आणि वेगही अधिक भासे, पण वळण प्रत्यक्षापेक्षा दूर वाटे. नवा आकडा सुरुवातीला दोघांनाही कोंदट वाटला. तो काही काळ न बदलता ठेवण्याचा आग्रह धरला गेला, हे योग्य झाले.

खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार पहिल्याच आठवड्यात आली. आवाज स्पीकरचा नव्हता, ब्रेकचा धक्का फरशीतून खाली जात होता. मऊ फोम घातला असता, तर चौकट डुलली असती. म्हणून यंत्रांखाली घालतात तसले घट्ट रबरी पॅड चारी कोपऱ्यांखाली दिले आणि रात्री दहानंतर कॉकपिट बंद, असे मामांनी स्वतः खाली जाऊन सांगितले. सीटखाली कंपन देणारा शेकर बसवण्याचा बेतही तेव्हाच रद्द झाला.

परिणाम

खर्च मर्यादेत राहिला. मामांची कंबर दुखण्याची जुनी तक्रार थांबली, याचे श्रेय सीटला द्यावे लागेल. भाच्याची सर्वांत जलद फेरी थोडीच सुधारली, पण लागोपाठच्या फेऱ्यांमधला फरक बराच कमी झाला, आणि सरावाच्या दृष्टीने तेच मोलाचे आहे. चूक झाली, तर ती आता त्याला ओळखता येते. ब्रेक पूर्ण मानण्यासाठी आधी ६० किलो जोर ठरवला होता. “मामा, पाय थरथरायला लागतोय,” असे तो म्हणाल्यावर त्याच्यासाठी ३५ किलोची वेगळी नोंद केली आणि बोर्डावर एक साधा स्विच बसवून दोघांची मापे अलग ठेवली.

कार्टच्या ट्रॅकवर याचा उपयोग मर्यादित पण खरा झाला. डाव्या पायाने ब्रेक मारणे आणि वळणात शिरताना तो हळूहळू सोडणे त्याच्या अंगवळणी पडले होते. कार्टला सस्पेन्शन नसते, वळणात बरगड्यांवर येणारा दाब आणि हातांना येणारा थकवा यांची कल्पना घरच्या सीटमध्ये येत नाही, आणि ते त्याला तिथेच शिकावे लागले.

काय वेगळे करता आले असते

व्हीलच्या खांबांवर उंचीसाठी २५ मिलिमीटर अंतराने भोके पाडली होती. हे अंतर फार ठरले. दोन भोकांच्या मधली उंची हवी असते तेव्हा काहीच करता येत नाही. भोकांऐवजी लांबट खाचा पाडून घेतल्या असत्या, तर काम थोडे वाढले असते, पण मनासारखी जुळवणी झाली असती. रेड ऑक्साइड आणि त्यावर काळा रंग लगेच मारला गेला आणि नंतर टेकू जोडताना तो खरवडावा लागला. पहिले काही आठवडे सांगाडा नुसत्या रेड ऑक्साइडवर वापरणे सोयीचे झाले असते.

ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक्सबाबत माझे मत असे आहे की, एचएक्स७११ची पिन उचलण्यापेक्षा साधा ॲनालॉग इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर, म्हणजे बारीक संकेत वाढवणारे सर्किट, घेऊन तो थेट प्रो मायक्रोच्या ॲनालॉग पिनेला जोडणे अधिक चांगले होते. त्या बोर्डाचे वाचन १० बिटांचे, म्हणजे १०२४ पायऱ्यांचे असते आणि पायाच्या ब्रेकला तेवढी बारकाई पुरते, तर वेग मात्र कितीतरी जास्त मिळतो. मामांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ८० वाचने त्या दोघांच्या पायांना पुरेशी आहेत.

सीटच्या निवडीवरही पुन्हा विचार व्हायला हवा. पाटीला टेकू दिल्यानंतर सर्वांत जास्त लवचिकता उरली आहे ती सीटच्या पाठीत, कारण पाठ मागेपुढे करणाऱ्या सांध्याला जुनेपणामुळे थोडी ढिलाई आहे आणि पूर्ण ब्रेक दाबताना ती जाणवते. अखंड बकेट सीट घेतले असते, तर ती राहिली नसती, पण भाड्याच्या खोलीत हेच सीट एरवी बसायलाही वापरले जाते आणि पाठ मागे टाकता येते, हा घरातल्यांचा मुद्दा रास्त होता. सीटच्या मागून तळाच्या पाइपांपासून वर येणारी, पाठीला बोल्टने आधार देणारी आडवी दांडी बसवायचे आता ठरले आहे. पाठ मागे टाकायची असेल तेव्हा दोन बोल्ट सोडले की ती निघेल. नव्या व्हीलचा विचार त्यानंतरच करायचा, असे दोघांचे एकमत आहे.